घरी आवाज रेकॉर्ड करताय? स्वस्त प्रीॲम्प मागवण्याआधी एवढं करून बघा

घरून आवाजाचं काम करू पाहणारे मुंबईत आता सगळीकडे भेटतात. कुणाला ऑडिओबुकसाठी नमुना पाठवायचा असतो, कुणाचं पॉडकास्ट सुरू व्हायचं असतं, कुणी अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत जाण्याआधी घरी सराव करत असतं. पहिली फाइल हेडफोन लावून ऐकली की दोन तक्रारी ठरलेल्या: मागे सतत सूं ऐकू येतं, नाहीतर आपला आवाज फारच बारीक आलेला असतो. मग ओळखीतलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "प्रीॲम्प घे, सगळं सुटेल."

माझं मत आधीच सांगून टाकते. नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना वेगळ्या प्रीॲम्पची गरज नसते. काहींना मात्र खरोखर असते. आपण कुठल्या गटात बसतो हे घरबसल्या, एक पैसाही खर्च न करता कळतं. त्यासाठीच हा लेख.

आधी हातात काय आहे ते ओळखा

माइकमधून निघणारा विद्युत संदेश अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. तो कामापुरता मोठा करणारं सर्किट म्हणजे प्रीॲम्प. एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची माइकची केबल घेणाऱ्या प्रत्येक ऑडिओ इंटरफेसमध्ये (माइकचा आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरकडे पाठवणारा डबा) ते आधीच बसवलेलं असतं. 'गेन' लिहिलेलं बटण तुम्ही फिरवता ते त्याचंच. म्हणजे प्रीॲम्प घेऊ का, हा प्रश्न खरं तर दुसरा प्रीॲम्प घेऊ का, असा आहे.

तुमचा माइक यूएसबीचा असेल तर विषय इथेच संपला. त्याच्या पोटातच प्रीॲम्प आणि डिजिटल करणारी चिप दोन्ही असतात, मध्ये काही जोडायला जागाच नाही. तुम्ही थेट खोलीबद्दलच्या भागाकडे गेलात तरी चालेल. फोनला लागणारा कॉलर माइक असेल तरी तेच: तो फोनकडून मिळणाऱ्या एक-दोन व्होल्टवर चालतो आणि स्टुडिओच्या सामानाशी त्याचं जमत नाही.

एका गोष्टीपासून सावध राहा. ऑनलाइन कॉम्बोमध्ये माइकबरोबर '४८ व्होल्ट' लिहिलेली एक छोटी डबी येते आणि काही विक्रेते तिलाच बिनदिक्कत प्रीॲम्प म्हणतात. ती फँटम पॉवर देते, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणारी वीज. आवाज ती एका डेसिबलनेही वाढवत नाही.

एक्सएलआरचा कंडेन्सर माइक असेल, तर उत्तर जवळजवळ नक्की 'नको' असंच आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चं उदाहरण घ्या, कारण तो आपल्याकडे बराच खपतो. त्याची संवेदनशीलता उणे ३७ डेसिबल, म्हणजे संदेश चांगला जोरकस. त्याचा स्वतःचा गोंगाट २० डेसिबल दिलेला आहे. हिशेब मांडला तर माइकचा हा स्वतःचा गोंगाट साध्या, बऱ्या इंटरफेसच्या प्रीॲम्पच्या गोंगाटापेक्षा १९ डेसिबलने वर बसतो. प्रीॲम्प कितीही भारी आणा, माइकची सूं तशीच राहणार.

प्रश्न खरा पडतो तो डायनॅमिक, म्हणजे बाहेरची वीज न लागणाऱ्या माइकवाल्यांना. शुअरचा एसएम५८, किंवा पॉडकास्टवाल्यांच्या तोंडासमोर दिसतो तो एसएम७बी. यांचा संदेश बराच बारीक असतो. एसएम७बीची संवेदनशीलता उणे ५९, आणि त्याला किमान ६० डेसिबल गेन असावा असं शुअर स्वतःच सांगते.

मग गेन आणि अंतर जागेवर आणा

प्रीॲम्प हवा वाटणाऱ्या अनेकांची अडचण इथेच मिटते. माइक टेबलावर दोन फुटांवर ठेवून बोलण्याची सवय मोबाइलमुळे लागलेली असते. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. दोन फुटांवरून वीतभर अंतरापेक्षाही थोडं आत, म्हणजे १५ सेंटिमीटरवर आलात की १२ डेसिबल फुकट मिळाले. खोलीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो, आणि खरा फायदा तोच. डायनॅमिक माइक असेल तर चार बोटांवर या. पॉप फिल्टर लावा आणि माइक नाकासमोर सरळ न धरता किंचित तिरका ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' ला हवेचा धक्का बसत नाही.

माइकची तोंडाकडची बाजू कुठली तेही बघा. एसएम५८मध्ये टोकाकडून बोलायचं असतं. एटी२०२०मध्ये मात्र बाजूने, कंपनीचं चिन्ह असलेल्या अंगाने. त्याच्या डोक्यावर तोंड ठेवून बोलणारे पुष्कळ सापडतात आणि मग "माइकच पुचाट निघाला" म्हणतात.

आता लेव्हल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मीटरवरचा डेसिबलचा आकडा; शून्य ही त्याची वरची हद्द. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा. नेहमीच्या बोलण्याची सरासरी उणे २० च्या आसपास आणि सर्वात मोठे क्षण उणे १० ते उणे ६ च्या दरम्यान आले की झालं. शून्याजवळ नेण्याचा अट्टहास जुन्या टेपच्या आणि १६ बिटच्या काळातला आहे. २४ बिटमध्ये थोडा बारीक आलेला आवाज नंतर सॉफ्टवेअरमध्ये १० डेसिबल वाढवला तर काही बिघडत नाही. गोंगाट १० डेसिबल वाढतो, बोलणंही तेवढंच वाढतं, दोघांतलं अंतर कायम. म्हणून नुसता 'बारीक आवाज' हा प्रीॲम्प घेण्यासाठी पुरेसा मुद्दा नाही. बोलणं आणि गोंगाट यांच्यातलं अंतर कमी असेल तरच पुढे वाचा.

सूं नक्की कुठून येते, ते शोधा

हा भाग घाईने करू नका. सगळा निर्णय यावर आहे.

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते उतरवून घ्या. गेन वर सांगितल्याप्रमाणे लावा आणि मग त्या बटणाला हात लावू नका. एक परिच्छेद मिनिटभर वाचा, मग अर्धं मिनिट गप्प बसा, श्वासही हळू घ्या. बोलण्याचा भाग निवडून ॲनलाइझ मेन्यूतल्या मेजर आरएमएसने (आवाजाची सरासरी पातळी) आकडा घ्या. शांततेच्या भागाचाही घ्या. वजाबाकी करा.

किती अंतर पुरे? ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक बनवण्याच्या मंचाची मोजपट्टी जगभर वापरली जाते: बोलण्याची सरासरी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये, सर्वोच्च टोक उणे ३ च्या आत आणि शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली. म्हणजे बोलणं उणे २० वर असेल तर दोघांत निदान ४० डेसिबलचं अंतर हवं. ४५-५० मिळालं तर ऑडिओबुकचं काम सुखाने होतं, पॉडकास्टला तर कशाचीच तक्रार नको.

अंतर कमी भरलं तर कपाटाची चाचणी करा. माइक, केबल लावलेलाच, जाड गोधडीत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवा, दार केबलपुरतं सोडून लावून घ्या आणि त्याच गेनवर अर्धं मिनिट रेकॉर्ड करा. गोंगाट १० डेसिबल किंवा जास्त खाली गेला, तर तो तुमच्या खोलीचा होता. प्रीॲम्प विसरा. आकडा जागचा हललाच नाही, तर गोंगाट यंत्रातला आहे, म्हणजे माइकचा किंवा प्रीॲम्पचा.

यातही कोण ते ठरवायचं असेल, तर थोडी कारागिरी लागते. एक नर एक्सएलआर प्लग घ्या आणि त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाखून घ्या. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही वस्तू किरकोळ पैशांत मिळतात, डाखायलाही कुणी ना कुणी तिथेच भेटतं. फँटम पॉवर बंद करून हा प्लग माइकऐवजी इंटरफेसला लावा. इंटरफेसला वाटतं की शांत बसलेला माइकच लागलाय. आता जी सूं रेकॉर्ड होईल ती निव्वळ प्रीॲम्पची. नुसती केबल काढून रिकामी बाजू मोजू नका, उघड्या इनपुटवर गोंगाट जास्त येतो आणि निष्कर्ष चुकतो.

एक फरक कानाने करायला शिका. पावसाच्या बारीक सरीसारखी सूं वेगळी आणि पोटातून येणारी घूं वेगळी. घूं असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या १००, १५० हर्ट्झच्या पटींची आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. घूं गेली तर गुन्हेगार चार्जर नाहीतर अर्थिंग. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर असतो, पण मागे अर्थची तार असेलच असं नाही. वायरमनला बोलावून ते तपासून घ्या. रेकॉर्डिंगपेक्षा जिवासाठी ते जास्त गरजेचं आहे. नवा प्रीॲम्प लावलात तर हीच घूं तो आणखी मोठी करून देईल.

आकडे काय सांगतात

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण माझा स्वतःचा विश्वास यामुळेच बसला.

प्रीॲम्पचा गोंगाट इनपुटच्या हिशेबात मोजतात, त्याला ईआयएन म्हणतात. फोकसराइट स्कारलेट या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीचा हा आकडा उणे १२८ डीबीयू (विद्युत पातळी मोजायचं एकक) दिलेला आहे. १५० ओहमच्या रेझिस्टरमध्ये नुसत्या उष्णतेमुळे जो गोंगाट होतो तोच उणे १३१ च्या आसपास असतो. भौतिकशास्त्राची ती सीमा कुठलाही प्रीॲम्प ओलांडू शकत नाही, मग किंमत काहीही असो. म्हणजे साध्या इंटरफेसकडून सर्वात महागड्या प्रीॲम्पकडे गेल्यावर हाती लागणार जेमतेम ३ डेसिबल.

आता हे एसएम७बीला लावून पाहू, कारण त्याच्याबद्दलच जास्त भीती घातली जाते. उणे १२८ चा प्रीॲम्प आणि हा माइक एकत्र आले की प्रीॲम्पचा गोंगाट खोलीतल्या साधारण २३ डेसिबल आवाजाइतका भरतो. मुंबईत २३ डेसिबलची खोली? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबलची आणि दिवसा ५५ ची मर्यादा आहे. ती मर्यादा पाळली गेली, खिडकी घट्ट बंद केली, पंखा थांबवला, तरी खोलीत ३५ मिळाले तर नशीब समजा.

३५ विरुद्ध २३. दोन गोंगाट एकत्र येतात तेव्हा १२ डेसिबलने लहान असलेला एकूण बेरजेत भर घालतो ती पाव डेसिबलची. प्रीॲम्पचा गोंगाट पूर्ण शून्य झाला असता तरी तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये पाव डेसिबलचा फरक पडला असता. तो कुणालाच ऐकू येत नाही.

चित्र बदलतं ते इंटरफेस जुना किंवा फारच हलका असेल तेव्हा. ईआयएन उणे १२० असेल तर तोच एसएम७बी ३१ डेसिबलच्या खोलीइतका गोंगाट दाखवतो, आणि तेव्हा खोली आणि यंत्र जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहतात. काही स्वस्त इंटरफेसमध्ये गेनचं बटण शेवटच्या टप्प्यात गेलं की सूं एकदम वाढते, तोही याच जातीचा त्रास.

तर घ्यायचा कधी, आणि कुठला

रेझिस्टरच्या चाचणीत गोंगाट यंत्राचा निघाला, माइक डायनॅमिक आहे, तोंड जवळ आहे, तरीही गेन शेवटपर्यंत न्यावा लागतो. हे सगळं एकत्र जुळत असेल तर खर्च करायला हरकत नाही. तुमचा आवाज मुळात हळू असेल, कुजबुजत केलेलं अभिवाचन असेल, तर ही वेळ लवकर येते.

पहिला पर्याय म्हणजे केबलच्या मध्ये लागणारा बूस्टर. क्लाउडलिफ्टर सीएल-१ साधारण २५ डेसिबल वाढवतो, फेटहेड २७. दोघांनाही इंटरफेसची ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती ते स्वतः खातात, माइकपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणूनच साधा बूस्टर कंडेन्सर माइकला लावला तर माइक मुकाच राहील. शुअरने २०२३ मध्ये एसएम७डीबी आणला, त्यात १८ किंवा २८ डेसिबलचा बूस्टर आतच आहे. अजून माइक घ्यायचाच असेल तर त्याचा विचार करा.

दुसरा, वेगळा डबा असलेला प्रीॲम्प. एआरटीचा ट्यूब एमपी हे त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. नव्या लोकांना मी हा सुचवत नाही. एक तर त्याच्यापुढे इंटरफेस लागतोच, कारण तो आवाज डिजिटल करत नाही. शिवाय तो जोडताना पाव इंची जॅकच्या केबलने लाइन इनपुटला, म्हणजे आधीच मोठा झालेला संदेश घेणाऱ्या इनपुटला जोडावा लागतो. एक्सएलआरने माइक इनपुटमध्ये घातला तर प्रीॲम्पवर प्रीॲम्प बसतो आणि सूं उलट वाढते. आणि त्यातली बारीकशी काचेची ट्यूब कमी व्होल्टवर चालवलेली असते. ती आवाजाला थोडा रंग देते, गोंगाट कमी करत नाही. 'वॉर्म साउंड' या दोन शब्दांवर बरेच पैसे गेलेले मी पाहिलेत.

तिसरा पर्याय मला सर्वात पटतो: इंटरफेसच बदला. बूस्टरला जेवढे पैसे पडतात त्याच्या आसपास अनेकदा एक इनपुटचा चांगला इंटरफेस येतो. मात्र खोक्यावरचं नाव बघून थांबू नका, पिढी बघा. स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल गेन होता, चौथ्या पिढीत ६९ आहे. त्याच चौथ्या पिढीतल्या सोलोमध्ये मात्र ५७. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी, लाल रंगात, एकसारखे दिसतात. एसएम७बीवाल्याला हा १२ डेसिबलचा फरक म्हणजे बूस्टर घ्यायचा की नाही याचं उत्तर आहे.

आणि गोंगाट खोलीचाच निघाला तर

बहुतेकांचा निघेल. प्रीॲम्पसाठी बाजूला काढलेले पैसे इथे वापरा, उरतीलही.

पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. फ्रिजमध्ये गाडीची किल्ली किंवा पाकीट ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचा राहत नाही. मुंबईतल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आवाज आत सोडण्यात पटाईत असतात. फटींना दारा-खिडक्यांची फोमची पट्टी लावा आणि वर जाड पडदा. मंगलदास मार्केटमधून पडद्याचं जड कापड वारावर आणलंत तर 'अकूस्टिक' शिक्का मारलेल्या पातळ फोमपेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त कामाचं ठरतं. तो पातळ फोम बाहेरचा आवाज अडवत नाही, आतला घुमाराही फक्त वरच्या पट्टीतला कमी करतो.

वन आरकेत राहणाऱ्यांना उघडं कपाट हाच सर्वात चांगला बूथ. कपड्यांकडे पाठ करा, माइकच्या मागे उभी गादी किंवा दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या. कपड्यांकडे तोंड करून बसायची चूक होते. माइक ऐकतो ते तुमच्या मागची भिंत, म्हणून मऊ माल तुमच्या पाठीशी हवा.

वेळ निवडणं हेही उपकरणच आहे. रुळांजवळ राहत असाल तर शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास जाते आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होते, मधला वेळ सोन्यासारखा. बाकीच्यांना दुपारी, शाळा सुटायच्या आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आधी, दोन तास मिळतात. गणपतीच्या दिवसांत डेडलाइन घेऊ नका. पावसाळ्यात शेजारच्या छज्जाच्या पत्र्यावर थेंब पडायला लागले की त्यावर कुठल्याही कंपनीकडे इलाज नाही. शिवाय दमट हवेत कंडेन्सर माइक कधीकधी तडतडतो. तो सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. एसएम५८सारख्या डायनॅमिकला हवेचं काही वाटत नाही, म्हणून खाडीकाठच्या घरांत मी आधी तोच सुचवते.

हे सगळं करून वजाबाकी पुन्हा मोजा. सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन त्यानंतरच, आणि हलक्या हाताने, ६ ते १० डेसिबल. त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ऐकणाऱ्याला मूळ सूं पेक्षा ते जास्त खुपतं.

दुकानात जाताना

चाचण्या करूनही घ्यायचाच ठरलं, तर आपला माइक, केबल, इंटरफेस आणि लॅपटॉप बरोबर न्या. धोबीतलावच्या फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात विचारलंत तर वस्तू जोडून ऐकू देतात का ते कळेल. दुकान गजबजलेलं असतं, त्यामुळे तिथे सूं ऐकू येणार नाही. तिथे फक्त गेन पुरतो का ते बघा. सूं घरी आणून, रेझिस्टरचा प्लग आणि कपाट वापरून तपासा. त्यासाठी वस्तू परत घ्यायची मुदत किती दिवसांची आहे ते पैसे देण्याआधी विचारा, जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटी भारतातल्या वितरकाची आहे ना ते बिलावर किंवा कार्डावर बघा. नाव झाकलेलं आणि भाव निम्मा, असा माल लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर दिसला तर त्यातून फारतर केबल घ्या, तीही हलवून, तडतड येत नाही ना ते ऐकून.

घरी आल्यावर आधी फँटम बंद ठेवून बूस्टर जोडा, मग ४८ व्होल्ट सुरू करा, आणि गेन शून्यावरून हळूहळू वर न्या. पूर्वी तीनच्या काट्यावर असलेलं बटण आता दहा-अकराच्या मध्ये कुठेतरी थांबेल. मग तोच परिच्छेद, तेवढ्याच अंतरावरून, पुन्हा वाचा आणि जुन्या वजाबाकीशेजारी नवी लिहा. फरक ३ डेसिबलच्या आत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत वस्तू खोक्यासकट परत करा.